अकरा नंबरचा पान्हा

१

मच्छिंद्र मेल्यानं कुणाचा काय फायदा झाला, हे कादर आतारनं तीन दिवसांत शंभरदा मांडून पाहिलं आणि दर वेळी बाकी शून्यच आली. मच्छिंद्र म्हणजे हिंदुरावतात्यांचा ड्रायव्हर. पगार साडेआठ हजार, वर्षाला दोन सफारी सूट, आणि तात्यांची लहर लागली तर भेळेचे पैसे. नावावर जमीन नाही, अंगावर कर्ज नाही, गावात कुणाशी वाकडं नाही. असल्या माणसाला मारून कुणाच्या पदरात काय पडणार?

गाडी मेली, त्यात मात्र नफा होता. काळी मर्सिडीज, १९९६ सालची. कोरेगाव पार्कातल्या एका कारखानदारानं मिरवून, कंटाळून विकलेली. धानोरीच्या बाजूची जमीन बिल्डरला गेली तेव्हा तात्यांनी ती चार लाखांना घेतली. आता बाजारात तिला कुणी दोनही दिले नसते, पण विमा साडेपाच लाखांचा होता. म्हणजे तात्यांचे साडेतीन लाख सुटत होते. कादरचा मेहुणा युसूफ जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकायचा. अपघाताच्या संध्याकाळीच त्यानं तात्यांना फोन करून सांगाड्याचा भाव विचारला होता, मयताला जाऊन आल्यावर हातही न धुता.

कादरच्या खात्यात तेवढा नुसता खर्च दिसत होता. सोमवारी, दहा तारखेला, सकाळी अकराला त्याला चौकीत बोलावलं होतं. निरोप आणणारा हवालदार ओळखीचा, म्हणून त्यानं हळूच सल्ला दिला, "वकील बघा, चाचा. हलगर्जीपणानं माणूस मेला, असं कलम लावतायत. दोन वर्षं बसतात त्यात."

घडलं ते एवढंच. २०११ चा दसरा, सहा ऑक्टोबर. सकाळी गाडीची पूजा झाली, बॉनेटवर झेंडूचा हार चढला आणि मच्छिंद्र एकटाच शिरवळला निघाला. कात्रजचा जुना बोगदा ओलांडून तो पलीकडचा घाट उतरायला लागला आणि चौथ्या वळणावर गाडी वळलीच नाही. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्यानं सांगितलं, हॉर्न सारखा वाजत होता. दरीत आवाज होईपर्यंत वाजत होता.

त्या गाडीच्या ब्रेकचं काम कादरनं तीनच दिवस आधी केलं होतं. मास्टर सिलिंडर, म्हणजे ब्रेकच्या ऑइलचं मुख्य नळकांडं, त्यानं खोललं, आतली रबरं बदलली, दोन्ही नळ्या परत जोडल्या, दोन्ही नट आवळले. आवळले ना? चाळीस वर्षांच्या धंद्यात हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. आता विश्रांतवाडीतल्या गॅरेजचं शटर अर्धं ओढून तो स्टुलावर बसायचा, हवेत पान्हा धरायचा आणि मनगट फिरवून पाहायचा. पहिला नट, हो. दुसरा नट आवळताना फोन आला होता का? फोन ठेवून परत आवळला का? हाताला विचारलं की हात गप्प.

शिवाय आणखी एक गोष्ट होती. ती त्यानं खातूनला, बायकोलाही सांगितली नव्हती.

गाडीच्या मीटरमध्ये ब्रेकचा लाल दिवा असतो. ऑइल कमी झालं की पेटतो. तात्यांच्या गाडीत तो सहा महिने सारखाच पेटून राहिला होता, कारण ऑइलच्या बाटलीच्या झाकणातला सेन्सर गेला होता. सेन्सरची किंमत नऊ हजार. तात्यांनी चाळीस हजारांची चकचकीत चाकं घेतली होती, मागच्या काचांना मखमली पडदे लावले होते, ट्रकचा हॉर्न बसवून घेतला होता. पण सेन्सर म्हटल्यावर ते म्हणाले, "एका दिव्यापायी नऊ हजार? काढ त्यो दिवा." आणि कादरनं बल्ब काढला. दोन मिनिटांचं काम. पैसेही घेतले नव्हते.

शटरखालून समोरचा बाक दिसत होता. सोजरबाईच्या हारांच्या दुकानाचा. तिथं मच्छिंद्रची बायको मैना बसली होती. कालही बसली होती, परवाही. बोलायची नाही, रडायची नाही. गॅरेजकडे बघत बसायची, आणि ऊन उतरलं की उठून जायची.

त्या दिवशी मैनाच्या आणि त्याच्या मध्ये एक स्कूटर येऊन थांबली. पन्नाशीची एक बाई उतरली, वाकून शटरखाली डोकावली आणि म्हणाली, "आत कुणी आहे, की नुसतीच भीती आहे?"

२

नीरजा परचुरे. राहणार नारायण पेठ, धंदा विमा कंपन्यांसाठी मोडलेल्या गाड्या तपासण्याचा. खोटे दावे पकडण्यात तिचा हातखंडा होता आणि खरे दावे मंजूर करताना तिचा चेहरा दाढ दुखल्यासारखा व्हायचा, असं धंद्यातले लोक म्हणत.

"बसायला सांगणार आहात, की सोमवारची वाट बघायची?" ती म्हणाली.

कादरनं स्टूल पुसून दिलं. तिनं बसण्याआधी गॅरेजभर नजर फिरवली आणि ती नजर भिंतीलगतच्या लांब फळीवर थांबली. फळीवर लाल कापड होतं. त्यावर पान्हे, हातोडे, पक्कडी ओळीनं मांडलेल्या. प्रत्येकावर हळद-कुंकवाचं ओलं बोट फिरवलेलं, आता वाळून खपली धरलेलं. वर तांदळाचे दाणे, सुकलेली झेंडूची फुलं.

"हे काय?"

"खंडेनवमीचं, मॅडम. अब्बांच्या वेळेपासून आहे. शेड सोजरबाईच्या सासऱ्यांची होती. ते म्हणायचे, हत्यार विसावलं तर हात विसावतो. त्या दिवशी सोजरबाई पूजा करते, खातून नारळ देते. दुसऱ्या दिवशी आपट्याचं पान वाहिलं की मग हत्यार उचलायचं."

"मग उचललं का नाही? आज रविवार. दसरा होऊन तीन दिवस झाले."

कादर फळीकडे न बघता म्हणाला, "पान वाहायच्या आतच मच्छिंद्रची खबर आली. तेव्हापासून... हात लावायची हिंमत होत नाही."

"उत्तम. लावूही नका," नीरजा म्हणाली आणि वहीत काहीतरी टिपलं. कादरनं त्याचा अर्थ लावला. म्हणजे हत्यारं जप्त होणार.

"नळीचे नट कशानं आवळता?"

"अकरा नंबरच्या पान्ह्यानं. हा, दुसऱ्या रांगेतला. याचं तोंड जवळजवळ मिटलेलं असतं, नटाला सगळीकडून धरतं."

"स्क्रूपान्ह्यानं नाही चालत? नळवाले वापरतात तो, मागेपुढे होणारा?"

भीतीतही कादरला अपमान वाटला. "मॅडम, ते मऊ धातूचे नट असतात. स्क्रूपान्हा घसरतो, कोपरे गोल होतात. शिकाऊ पोरगंसुद्धा नाही वापरत."

"तीन तारखेला गाडी दिलीत. मग?"

"चारला तात्या हडपसरला जाऊन आले. ब्रेक चोख होता, मच्छिंद्रनं स्वतः फोन करून सांगितलं."

"ढिला राहिलेला नट हडपसरची सगळी वाहतूक सोसतो आणि मग कात्रजलाच दगा देतो," ती वही मिटत म्हणाली. "फारच समजूतदार नट. चला, स्कूटरवर बसा. तात्यांकडे जाऊ."

"मी कशाला?"

"गाडी तुमच्याइतकी कुणाला माहीत नाही. आणि तुम्हाला बघून कोण कसं तोंड करतं, ते मला बघायचंय."

३

हिंदुरावतात्यांचा बंगला नवा होता, पण तात्या मागच्या गोठ्यात बसले होते. गाई केव्हाच विकल्या होत्या, गोठा राहिला होता. पाठ भिंतीला लावलेली, मांडीशी पाण्याची सीलबंद बाटली, आणि समोरच्या ताटातली भाकरी तशीच.

"बसा बाई," ते म्हणाले. कादरला पाहून त्यांनी मान वळवली, पण हाकलून दिलं नाही.

"जेवत का नाही?" नीरजानं विचारलं.

"आधी मांजर जेवंल," तात्या म्हणाले. त्यांनी भाकरीचा तुकडा मांजरापुढं टाकला आणि ते खाईपर्यंत त्याच्यावर नजर ठेवली. ते पाहून कादरला कळलं. हा माणूस अपघात समजून घाबरलेला नव्हता.

"दर साली दसऱ्याला लेकीला सोनं द्यायला शिरवळला म्या जातो," तात्या हळू आवाजात सांगू लागले. "सगळ्या गावाला ठावं हाय. मागच्या शिटावर, पडदं लावून. त्या दिशी पूजा झाली अन् माझ्या पोटात कळ उठली. नऊ दिसांचा उपास आदल्या रोजी सोडला, पुरणाच्या पोळ्या जरा जास्ती झाल्या. मच्छिंद्रला म्हणलं, तू एकलाच जा, लुगडं देऊन ये." त्यांनी बाटलीचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. "त्या गाडीत म्या असणार व्हतो, बाई."

कादरनं आजवर मांडलेला सगळा हिशेब तिथंच चुकला. मच्छिंद्रच्या नावासमोर शून्य येणारच होतं, कारण नावच चुकीचं होतं.

"तुम्ही गेल्यावर जमीन कुणाची?" नीरजानं वीजबिल विचारावं तसं विचारलं.

"बावीस गुंठं राहिल्यात, रस्त्याकडंची. एकच लेक. पर तिनं सा वर्सांमागं हक्कसोड लिहून दिली. भावकीचं ऐकून मीच घेतली तिच्याकडनं. आता मन खातंय. पाडव्याला तिच्या नावानं बक्षीसपत्र करायचं ठरवलंय."

"सगळं ताईचंच आहे, मॅडम," मागून आवाज आला. तात्यांचा पुतण्या संभाजी चहाचा ट्रे घेऊन उभा होता. तिशीचा, पांढराशुभ्र शर्ट, मनगटात जाड कडं. लँड डीलिंग करायचा. "मला काय, तात्या आहेत तोवर सगळं आहे. चहा घ्या."

तात्यांनी कप घेतला नाही. नीरजानं घेतला, फुंकर मारली आणि पिऊन टाकला. कादरला तिच्या धाडसाचं कौतुक वाटलं, पण आपला कप त्यानं तोंडाला लावला नाही.

संभाजी त्याच्याकडे पाहून मऊ हसला. "कादरचाचा, टेन्शन घेऊ नका. माणूस आहे, चूक होते. मी पोलिसांना सांगितलंय, मुद्दाम नाही केलं त्यांनी. ॲक्च्युअली मी सगळं बघितलंय ना, म्हणून सांगितलं."

"काय बघितलंत?" कादर विचारणार होता, पण नीरजानं कप त्याच्या हातात कोंबला. "धरा जरा. संभाजीराव, उद्या दहाला कादरभाईंच्या गॅरेजवर या, तात्यांना घेऊन. दाव्याच्या कागदावर सह्या लागतील."

"गॅरेजवर कशाला?"

"माझं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद आहे. तात्यांच्या गुडघ्यांची दया येते मला," ती म्हणाली. तिला कुणाची दया येते, हे पुण्यात कुणी ऐकलेलं नव्हतं.

४

परत येताना तिनं आळंदी रस्त्याच्या कडेला स्कूटर थांबवली आणि पर्समधून एक फोटो काढला.

"आठ तारखेला क्रेननं गाडी वर काढली. बॉनेट चेपून बसलं होतं, पत्रा कापून उघडावं लागलं. पंचांसमोर, माझ्यासमोर. हे आत दिसलं."

मास्टर सिलिंडर. दोन नळ्या, दोन नट. दोन्ही सैल. आणि दोन्ही नटांचे कोपरे घासून गोल झालेले, धातूवर तिरके ओरखडे.

कादर फोटोकडे बघत राहिला. मग तो रस्त्याच्या कठड्यावर बसला. "हे माझं नाही," तो म्हणाला. "मॅडम, हे माझ्या हाताचं नाही." तीन दिवस हवेत नट आवळून पाहणाऱ्या मनगटातली कळ प्रथमच थांबली.

पण ते सुख घटकाभरच टिकलं. त्याचं नाही, तर कुणाचं तरी होतं. कुणीतरी त्याचं काम होऊ दिलं, दोन दिवस थांबलं, त्याच दोन नटांना हात घातला आणि मग त्याच्याकडे बोट दाखवलं. असा माणूस मोकळा होता, आणि कादरच्या घराचा पत्ता त्याला ठाऊक होता.

"आता सांगा," नीरजा म्हणाली. "तुमचा युसूफ?"

खरं सांगायचं तर पहिल्या दिवसापासून त्याचा संशय युसूफवरच होता, पण त्यानं तो स्वतःलाही ऐकू येऊ दिला नव्हता. "लोभी आहे. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाईल. पण..."

"पण?"

"रोज दहा गाड्या खोलतो तो. नट विकायचा असतो त्याला, गोल कशाला करेल?" बोलता बोलता कादरचाच जीव खाली आला.

"तात्या स्वतः? साडेतीन लाख."

"त्यांना पोटात कळ आली नसती तर ते गाडीत असते."

"कळ आली असं ते सांगतात."

"तुम्ही भाकरी मांजराला दिलेली बघितली ना, मॅडम?"

"बघितली," ती म्हणाली. "नाटक करणारा माणूस अशा वेळी अन्न टाकून देतो. घाबरलेला ते मांजराला चारतो आणि मग उरलेलं खातो. तात्यांनी नंतर खाल्लं, तुमचं लक्ष नव्हतं." तिनं किक मारली. "राहिला एक. त्यानं पोलिसांना दिलेला जबाब माझ्याजवळ आहे. त्यात दोन वाक्यं आहेत, फार प्रेमळ. उद्या तुम्ही एकच करायचं. तोंड उघडायचं नाही."

"कशाबद्दल?"

"सांगितलं तर तुम्ही उघडाल."

ती रात्र कादरनं कशी काढली ते खातूनला विचारावं. पहाटे तिनं त्याला विचारलं, "बल्बाचं काय बडबडत होता झोपेत?" तो उठून अंघोळीला गेला.

५

सोमवारी दहाला तात्या आले, बाटली काखेत घेऊन. मागून संभाजी. समोर सोजरबाईच्या बाकावर मैना होतीच, आणि तिच्याशेजारी साध्या कपड्यातला एक फौजदार चहा पीत बसला होता. नीरजानं शटर पूर्ण वर केलं. चार दिवसांनी उजेड थेट फळीपर्यंत गेला.

"सहीआधी जबाब वाचून दाखवते," ती म्हणाली. "सहा तारखेच्या संध्याकाळी दिलाय. चुकलं असेल तर सांगा, मागून कटकट नको." आणि बातम्या वाचाव्यात तशा आवाजात वाचू लागली. "'पाच तारखेस दुपारी तीनच्या सुमारास ब्रेक सैल लागत असल्याने मी व मच्छिंद्र गाडी घेऊन कादर आतार यांच्या गॅरेजवर गेलो. त्यांनी माझ्यासमोर बॉनेट उघडून सिलिंडरच्या दोन्ही नळ्यांचे नट पान्ह्यानं सोडले व परत आवळले.' बरोबर?"

कादरचं तोंड उघडलं. नीरजानं त्याच्याकडे असं पाहिलं की ते मिटलं. अख्खं खोटं, आणि ते लिहून, सही करून, शिक्क्यासकट. याच्यापुढे त्याचा शब्द किती वजनाचा?

"बरोबर," संभाजी म्हणाला.

"तारीख पाचच?"

"पाचच. सहाला तर ॲक्सिडेंट झाला."

"गॅरेज उघडं होतं?"

"उघडंच असणार की. यांना कुठला आपला सण असतो."

तात्यांनी काखेतली बाटली काढून जमिनीवर ठेवली आणि गुडघ्यावर हात देत फळीपाशी गेले. वाळलेल्या कुंकवाकडे, तांदळाच्या दाण्यांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"पाचला खंडेनवमी व्हती, संभा," ते म्हणाले.

"असेल. मग?"

"त्या दिशी कादर हत्याराला शिवत न्हाय. ह्याचा बापबी शिवत नव्हता. माझा ट्रॅक्टर पेरणीत आडला व्हता, तवा म्हातारा म्हणला व्हता, उद्या पान वाहतो, मग ये. म्या शिव्या दिल्या, पर थांबलो." तात्यांनी वळून पुतण्याकडे पाहिलं. "तुला वाटलं, मुसलमानाचं गॅरेज हाय, त्याला कसली नवमी."

"तात्या, दोन-चार पान्हे बाजूला ठेवले असतील त्यानं..."

"एकूण किती नगांची पूजा झाली, सोजरबाई?" नीरजानं दारातूनच विचारलं.

"एकोणसाठ," सोजरबाई हार ओवता ओवता म्हणाली. "गॅरेजातलं एकही बाकी नव्हतं, मीच बोट फिरवलं प्रत्येकावर. आणि पाचला दुपारी मी इथंच बसून दसऱ्याची गिऱ्हाइकं करत होते. ते काळं धूड इथं आलं असतं तर गॅरेजच्या तोंडाशी मांडलेली माझी टोपली उचलावी लागली असती. उचलली नाही."

नीरजा फळीकडे गेली. "अकरा नंबर. दुसरी रांग. कुंकवाची खपली अखंड आहे, वरचे दाणे चिकटलेले आहेत. या पान्ह्यानं पाच तारखेला नट आवळायचे तर आधी देवाची परवानगी लागली असती." मग ती संभाजीकडे वळली, आणि आवाजातली थट्टा गेली. "तारीख माणूस चुकतो, हे मी समजू शकते. दुसरं वाक्य मात्र समजत नाही. सहाच्या संध्याकाळी तुम्ही पोलिसांना दोन नळ्यांचं सांगितलंत. गाडी तेव्हा दरीत होती. बॉनेट आठ तारखेला कापलं, तोवर नळ्यांना काय झालंय हे कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही. सगळे म्हणत होते ब्रेक गेला. तुम्ही एकटे म्हणालात, दोन नळ्या."

संभाजीच्या मनगटातलं कडं खाली घसरलं, त्यानं ते वर सरकवलं.

"कादरभाईंनी त्या नळ्या तीन तारखेला जोडल्या, हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून तुम्ही त्याच निवडल्यात. पाचला संध्याकाळी घरच्या स्क्रूपान्ह्यानं दोन्ही थोड्या सैल केल्यात. शहरात सकाळचे रिकामे रस्ते, घाटापर्यंत ऑइल पुरतं. पाडव्याचं बक्षीसपत्र होत नाही, लेकीची हक्कसोड जुनीच आहे, बावीस गुंठे तुमचे. बेरीज चोख आहे. फक्त शेवटच्या हातावर कादरभाईंचं नाव पाहिजे होतं, म्हणून पाच तारीख घातलीत."

"तात्या, ही बाई काहीही..." संभाजी म्हणाला.

"पाचला रातच्याला पोळ्या कोण वाढत व्हतं रं?" तात्यांनी विचारलं. त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की फौजदाराला चहाचा ग्लास ठेवून पुढं यावं लागलं. "बास म्हणलं तरी वाढत व्हतास. तात्या, अजून एक. तात्या, माझ्यासाठी एक. मला वाटलं, पोरगं माया करतंय. सात पोळ्या, संभा. त्या सातव्या पोळीनं म्या घरी राह्यलो."

संभाजी बाहेरच्या उजेडाकडे पाहू लागला. बाकावरून मैना उठली होती. ती दाराच्या मधोमध उभी होती आणि तिला ओलांडल्याशिवाय बाहेर जाता येत नव्हतं. तो तिथंच उभा राहिला, फौजदारानं दंडाला धरेपर्यंत.

६

अकरा वाजून गेले तरी कादरला कुणी चौकीत बोलावलं नाही. तात्यांना रिक्षात बसवून नीरजा परत आली आणि कागद गोळा करू लागली.

"एक राहिलंय," ती कागदांकडेच पाहत म्हणाली. "मीटर मी खोलून पाहिलं. ब्रेकच्या दिव्याचा बल्ब नाही. अपघातात बल्ब फुटतो, नाहीसा होत नाही."

कादर भिंतीला टेकला.

"याबद्दल मला कुणी विचारलेलं नाही. आणि विचारल्याशिवाय लिहायची मला खोड नाही. लिहिलं तर तुमचं लायसन, नाव, सगळंच अडकेल."

बाहेर मैना परत बाकावर बसली होती. आता तिला घरी जायला काही कारण उरलं नव्हतं, तसं बसायलाही नव्हतं.

"लिहिलं तर तिचे पैसे कापतील का?" कादरनं विचारलं.

"ड्रायव्हरच्या मरणाचे कायद्यानं मिळतात. ते कुणाला कापता येत नाहीत. कापले तर तात्यांचे कापतील. आणि तुमचे."

"मग लिहा," कादर म्हणाला. "पण थांबा. आधी मी सांगून येतो."

रस्ता ओलांडायला पंधरा पावलं. चौकीची भीती यापुढं काहीच नव्हती, हे त्याला सातव्या पावलाला कळलं. तो मैनासमोर उभा राहिला, टोपी काढली, आणि सगळं सांगितलं. सेन्सर, नऊ हजार, काढ तो दिवा, दोन मिनिटांचं काम. सेन्सर बदलून दिवा ठेवला असता तर तो पुणे सोडायच्या आत पेटला असता.

मैनानं मध्ये एकदाही मान हलवली नाही.

"पेटला असता, तर ते थांबले असते?" तिनं विचारलं.

"थांबला असता. गाडीच्या बाबतीत मच्छिंद्र फार भित्रा होता."

"व्हय," ती म्हणाली. "भित्रेच व्हते." मग पदर खोचून उठली आणि बसथांब्याकडे चालू लागली. त्यानंतर ती त्या बाकावर आली नाही.

आता कुणी किती भरलं, ते. संभाजीचा खटला उभा राहिला आणि जामिनासाठी वकिलानं त्याची मोटारसायकलही विकायला लावली. बावीस गुंठे पाडव्याला लेकीच्या नावावर झाले. तात्या वाचले, पण ताटातला पहिला घास मांजराला द्यायची सवय त्यांना मरेपर्यंत सुटली नाही. कंपनीनं त्यांच्या दाव्यातून दिव्यापायी आणि न कळवता बसवलेल्या चाकांपायी दीड लाख कापले. कादरला कोर्टानं दंड केला, आणि मोठ्या गाड्यांनी पाठ फिरवली. दोन वर्षं तो टेम्पो आणि रिक्षा दुरुस्त करत राहिला, हात स्थिर ठेवून. युसूफनं सांगाडा विकत घेतला, चाकं, पडदे आणि हॉर्न वेगवेगळे विकले. या प्रकरणात नफ्यात राहिलेला तो एकटाच. मैनाला कायद्यानं मिळायचे ते मिळाले, "पूर्ण पोहोचले, तक्रार नाही" अशा छापील ओळीखाली तिनं सही केली, आणि त्याच आठवड्यात येरवड्याच्या एका सोसायटीत जिने पुसायला लागली.

मच्छिंद्रच्या नावावर या सगळ्यात येणं काही नव्हतं. नुसतं देणं होतं. चुलत्याची काटकसर, पुतण्याची हाव, मेकॅनिकची भीड, या तिघांची बिलं त्यानं एकट्यानं, एकरकमी, घाटाच्या चौथ्या वळणावर भरून टाकली होती.